न रोवलेले रखवालदार

श्रीहरीबाबूंनी भाग्यश्रीची लघवी चाखली.

असं काही झालेलं नाही. त्या दिवशी रक्तविकार कक्षात एक बाई आल्या, बसल्या आणि एक अर्ज देऊन गेल्या. आवक-जावक नोंदवहीत एवढंच आहे, आणि नोंदवहीत नाही ते घडत नाही, हे त्या कक्षाचं पहिलं तत्त्व. तेव्हा आपणही ते घडलं नाही असं धरून चालू आणि गोष्ट सुरुवातीपासून सांगू.

भाग्यश्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर बाई, नाही घेतला तर वाटेने जाणारी बाई. स्टाफरूममध्ये तिच्या नावाचं कपाट नव्हतं, खुर्ची नव्हती, आणि हजेरीपटावर तिचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. वय सव्वीस. हिमोग्लोबिन पाच, राग चौदा. तिच्या अंगात योग्य पातळीवर असलेली ती एकच गोष्ट होती.

तिचा बाप इस्तारी. सावलीपासून पाच किलोमीटरवरच्या गावात, तलावाच्या पाळीला लागून घर. तलावात मासे धरायचे आणि शिंगाडा लावायचा, हे त्याचं काम. पोरीला शिकवलं तेही याच तलावाने, असं तो सांगायचा. शिक्षणाधिकाऱ्याने ते ऐकलं असतं तर तलावाचं अनुदान बंद केलं असतं.

तीन वर्षांपूर्वी भाग्यश्री सकाळी उठली तर लघवी कोऱ्या चहासारखी काळी. दुपारपर्यंत साफ. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा चहा. मग डोळे पिवळे, जिना चढताना धाप, आणि पोट दुखायचं ते असं की फळ्यावर पेशीचं चित्र काढता काढता ती फळ्यालाच टेकून उभी राहायची. पोरांना वाटायचं, बाई चित्र तपासून राह्यल्या.

आता, चंद्रपूर-गडचिरोलीत माणूस पांढरा पडला आणि डोळे पिवळे झाले की पुढे कोणी विचारत नाही. आशाताई म्हणाल्या सिकल. औषधाच्या दुकानातला म्हणाला सिकल. मूल गावाच्या एसटीच्या कंडक्टरने तिकीट फाडता फाडता निदान केलं, "सिकल हाय का बाई? पानी पीत जा जास्त." सिकलसेल इथे खराच आहे, घरोघरी आहे, त्याने पोरं जातात; त्यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं एवढंच की त्याच्याशिवाय दुसऱ्या रक्ताच्या आजाराला या दोन जिल्ह्यांत शिरायची परवानगीच उरलेली नाही.

तिची तपासणी दोनदा झाली. दोन्हीदा सिकल नाही, असं आलं. दोन्हीदा सरकारी दवाखान्यात म्हणाले, तपासणी चुकली असेल.

मग एक दिवस ती वर्गातच पडली. रक्त चढवावं लागलं. आतेभाऊ सुरेंद्र, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, दिवसभर तलावात डोंगा हाकणारा रेड्यासारखा गडी, त्याचा गट जुळला आणि त्याचीच एक पिशवी तिला चढली. दहा दिवसांनी गावात तपासणी शिबिर आलं. मंडप होता, फीत होती, फीत कापायला कात्री मात्र कोणी आणली नव्हती म्हणून ती इस्तारीने जाळ्याच्या सुरीने कापली. भाग्यश्रीचं रक्त घेतलं. आणि या खेपेला, तिसऱ्यांदा, अहवालात सिकलची पट्टी उमटली. फिकट, पण उमटली.

"पाहा!" शिबिरातले बाबू म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी "वाहक" आणि "पीडित" या दोन रकान्यांतल्या मोठ्या रकान्यात टिक मारली. कार्ड मिळालं. कार्डाबरोबर कॅप्सूल मिळाल्या, रोज एक.

सात महिन्यांनी सुरेंद्रची तपासणी झाली. तो वाहक निघाला. वाहकाला काही होत नाही, तो डोंगा हाकतो. पण सिकलची पट्टी त्याच्या रक्तात असते. तो कागद घेऊन पळत आला.

"ताई, तुह्या कागदावरची ते पट्टी माही हाय."

"का म्हणतं?"

"माहं रक्त चढवलं न तुले. त्यायनं माहंच रक्त तपासलं अन् कार्ड तुह्या नावानं काढलं."

भाग्यश्रीने दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोघांत मिळून अर्धा सिकलसेल आणि दोन कार्डं. ती हसली नाही. तिने कॅप्सूलची डबी उचलून अंगणात फेकली, मग उठून ती शोधून आणली, कारण कोंबड्या टोचत होत्या, आणि कोंबड्यांचा काही गुन्हा नव्हता.

गडचिरोलीच्या एका लॅबमध्ये रश्मी होती. बी.एस्सी.ला दोघी एका बाकावर बसायच्या; परीक्षेत भाग्यश्री लिहायची आणि रश्मी तिच्या चुका मोजायची, म्हणून रश्मी लॅबमध्ये गेली. वैनगंगेचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात गडचिरोली. पण जिल्हा बदलतो, त्यामुळे सरकारच्या दृष्टीने ते परदेशगमन होतं. रश्मीने रक्ताचा थेंब काचेवर ओढला, सूक्ष्मदर्शकात पाहिला, आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"काऊन वं, झोपली का?"

"भाग्या, यात विळ्यासारखी एक पेशी नाई. एकबी नाई. अन् पांढऱ्या पेशीबी कमी, प्लेटलेटबी कमी. तू ते कॅप्सूल कवापासून खाऊन राह्यली?"

"सात महिने."

"ते हाडाच्या मगजाले हळू करते. सिकलवाल्याले कामाची हाय. तुहा मगज आधीच लंगडून राह्यला, अन् तू त्याच्या पायावर दगड मारून राह्यली."

"मी मारून राह्यली? कार्ड मी छापलं?"

"माह्यावर काऊन बोंबलतं? सकाळची लघवी काळी, दुपारी साफ. हे सिकल नाई. आमच्या डॉक्टर मॅडमबी तेच म्हणतात. तुह्या पेशीवरचे रखवालदार गायब हायेत. नागपूरले एक तपासणी होते, मशीनमधून एकेक पेशी सोडून पाह्यतात, रखवालदार उभा हाय का नाई. ते करून घे. अन् लवकर. या आजारात रक्ताच्या गाठी होतात, पोटात, डोक्यात. मी तुले भेववून नाई राह्यली."

"भेववूनच राह्यली."

"हो," रश्मी म्हणाली. "भेव."

त्या संध्याकाळी इस्तारी कमरेइतक्या पाण्यात शिंगाडा रोवत होता. शिंगाड्याची वेल हाताने रोवता येत नाही, हात गाळापर्यंत पोचत नाही. वेलीचं बूड पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरायचं आणि अंगठ्याने गाळात दाबायचं. मग पानं वर पाण्यावर पसरतात आणि वेल जागची हलत नाही. इस्तारीचा उजवा अंगठा चाळीस वर्षं हेच करून चमच्यासारखा चपटा झाला होता. भाग्यश्री पाळीवर बसून त्याला आपला आजार सांगत होती, म्हणजे ओरडून सांगत होती, कारण तो लांब होता आणि तिला ओरडायचंच होतं.

"पेशीची कातडी तेलाची असते, बाबा! दोन थराची! अन् रखवालदार म्हंजे प्रथिन, ते पाण्यातलं, तेलावर टिकत नाई! म्हणून पेशी त्याच्या बुडाले चरबीचं मूळ जोडते! मूळ तेलात रुतते अन् रखवालदार बाहेर उभा राह्यते!"

"कायची रखवाली करते?"

"आपल्याच अंगातल्या पोलिसायची! ते जंतूले मारत फिरतात, दिसंल त्याले भोकं पाडतात! रखवालदार त्यायले म्हणते, सोड, हे घरची हाय!"

"अन् तुह्यापाशी रखवालदार नाई?"

"हायेत न! चांगले तयार होतात, धडधाकट! फक्त मूळ जोडणारा कारागीर बिघडला! मगजातल्या एका पेशीत जनुकाचं एक अक्षर चुकलं अन् तिची सारी पिल्लं तशीच निघून राह्यली! रात्रभर पोलीस माह्या पेशी फोडतात, सकाळी त्या लघवीतून येतात!"

इस्तारी थांबला. त्याने हातातल्या वेलीकडे पाहिलं, आणि ती रोवायच्या ऐवजी नुसती पाण्यावर सोडली. वेल हलत हलत निघाली, वाऱ्याबरोबर पाळीला आली आणि भाग्यश्रीच्या पायाशी लागली. हिरवीगार, चांगली, एक पान कमी नाही.

"म्हंजे वेल बरोबर हाय. रोवलीच नाई."

"हो," भाग्यश्री म्हणाली. या वेळी ओरडली नाही.

"मंग ते सडंल. नाईतर म्हशी खातीन."

दोन वर्षांत सरकारी दवाखान्यात जे जमलं नाही ते निदान इस्तारीने ओल्या धोतरात केलं होतं. रात्री तिने जुनी पुस्तकं काढली. पेशीच्या पडद्याला आतूनही अशी प्रथिनं चिकटलेली असतात. त्यांना चरबीची शेपटी जोडली की ती पडद्याशी जाऊन निरोप पोचवतात. काहींची शेपटी काढली की तीच प्रथिनं पेशीच्या पाण्यात निरुद्योगी तरंगतात. तेच प्रथिन, तोच आकार, तेवढीच लायकी; जागेवर टेकलंय की नाही, एवढाच फरक. भाग्यश्रीला स्टाफरूममधली नसलेली खुर्ची आठवली आणि तिने पुस्तक इतक्या जोरात मिटलं की इस्तारी दचकून म्हणाला, "साप निंगाला का?"

त्यानंतर ती नागपूरला गेली. मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी कार्ड पाहून सांगितलं, "तुम्हाला सिकलसेल आहे. ही तपासणी सिकलसेलसाठी नसते. नाहीतर जिल्ह्याचं पत्र आणा, की हा सिकलसेल नाही." आता पत्र द्यायचं काम चंद्रपूरच्या रक्तविकार कक्षाचं, आणि कक्षात श्रीहरीबाबू.

श्रीहरीबाबू वाईट नव्हते, आणि खरा वैताग हाच होता. वाईट माणसावर रागावता येतं. श्रीहरीबाबूंना बारमाही खोकला होता, पाहुण्याला ते पाणी विचारायचे, आणि काम करत नव्हते.

"कार्ड रद्द करा," भाग्यश्री पहिल्या खेपेला म्हणाली.

"रद्द करायची तरतूद नाई, बाई. दुबार कार्ड देता येते. हरवलं त नवं देता येते."

"मले आजारच नाई तो."

"तो मुद्दा यात बसत नाई." त्यांनी छापील फॉर्म फिरवून दाखवला. "रकाना चार पाहा. 'कार्ड परत करण्याचे कारण'. मृत्यू. स्थलांतर. बस."

"मंग मी कोणतं लिहू?"

"आत्ताच काई लिहू नका," श्रीहरीबाबू काळजीने म्हणाले.

दुसऱ्या खेपेला तिने सिकल नसल्याचे तिन्ही अहवाल नेले, दोन जुने आणि एक रश्मीचा. श्रीहरीबाबूंनी ते नीट वाचले आणि विचारलं की जिल्ह्याचा आकडा वरच्या ऑफिसात गेलेला आहे, त्यातून एक माणूस कमी झाला तर तो कुठे गेला असं विचारणार नाहीत का? तिसऱ्या खेपेला सुरेंद्र बरोबर आला आणि म्हणाला की ती पट्टी माझी आहे, तिच्या नावची काढून माझ्या नावावर चढवा. श्रीहरीबाबू म्हणाले, तुमच्या नावावर एक आहेच. एका माणसाला दोन देता येत नाहीत. चौथ्या खेपेला इस्तारी आला.

"कार्ड गेलं त पोरीले रक्त कोन देईल?" त्याने बाहेरच्या बाकावर बसून हळूच विचारलं. "कार्डावर पिशवी भेटते. खोटा हाय, पण उपयोगाचा हाय न तो आजार. राहू दे."

"बाबा, त्या कार्डावर कॅप्सूल भेटते. ते खाऊन मी मरून राह्यली."

"खाऊ नको न मंग."

"नाईच खात. पण खऱ्या आजाराची तपासणी त्या कार्डानं अडवली. खोटा सोडल्याबिगर खरा भेटत नाई, बाबा. लाईनीत मीच माह्या समोर उभी हाव."

इस्तारी बाकावरून उठला. मग म्हणाला, "रांडेचं." हे कोणाला उद्देशून होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, बहुतेक सगळ्यांनाच.

पाचव्या खेपेसाठी रश्मीने फोनवर सल्ला दिला. "कागद वाचत नाईत न ते? मंग वस्तूच दाखव. सकाळची पहिली, काचेच्या बाटलीत. पाहिल्यावर तरी समजंल."

घरात घट्ट झाकणाची काचेची बाटली एकच होती. धानोऱ्याहून रश्मीच्या मामाने जंगलातला मध पाठवला होता, त्याची. भाग्यश्रीने ती तीनदा धुतली, पण चिकटलेला कागद निघाला नाही. पहाटे पाच वाजता ती भरली. कोरा चहा, काठोकाठ. मूलमार्गे चंद्रपूरची गाडी धरली आणि साडेदहाला बाटली श्रीहरीबाबूंच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, हे पाहा..."

आणि इथे ती चूक झाली जी या दोन जिल्ह्यांच्या बाहेर कुठेही झाली नसती. जंगलाकडची माणसं सरकारी टेबलाशी येताना रिकाम्या हाताने येत नाहीत. कोणी चारोळी आणतं, कोणी सुकी मरळ मासळी आणतं, आणि ज्याचं काम फारच अडलंय तो मध आणतो. श्रीहरीबाबूंनी बाटली पाहिली. काळसर लाल, पातळ, उन्हाळी पोळ्याचा असतो तसा. वर अर्धवट फाटलेल्या कागदावर मधमाशी. त्यांचा चेहरा मऊ झाला.

"कायले तरास घेतला, बाई."

"नाई, साहेब, हे म्हंजे..."

"असू द्या, असू द्या." बाटली टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला गेली. मग श्रीहरीबाबूंनी फाइल काढली, कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण उघडलं आणि लिहू लागले.

भाग्यश्रीचं तोंड उघडं होतं. तिने ते हळूहळू मिटलं. उलट्या बाजूने तिला अक्षरं दिसत होती: *सदर रुग्णास सिकलसेल आजार नसण्याची शक्यता असून पुढील तपासणीकरिता...* तीन वर्षं. तीन अहवाल, चार खेपा, एक आतेभाऊ, एक बाप. यातल्या कशानेही हे पेन हललं नव्हतं. तिच्या फुटलेल्या पेशींकडे पाहून ते हललं नसतंच. मध आहे असं समजून हललं. तिला एवढा राग आला की कानशिलं ठणकली, आणि ती गप्प बसली. जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. लिही, बाबू. लिही.

त्यांनी लिहिलं. सही केली. शिक्का उचलला, पॅडवर दाबला.

आणि खोकला आला.

"पावसाळा लागला की असंच," श्रीहरीबाबू खोकत म्हणाले. "यालेच बरा जंगलाचा मध." शिक्का उजव्या हातात, कागदापासून चार बोटं वर. डाव्या हाताने त्यांनी झाकण फिरवलं. करंगळी बाटलीत घातली.

भाग्यश्रीला बोलता आलं असतं. तेवढा वेळ होता. तिने शिक्क्याकडे पाहिलं, मग करंगळीकडे, मग पुन्हा शिक्क्याकडे. आधी शिक्का, बाबू. आधी शिक्का.

आधी करंगळी गेली.

पंखा फिरत होता. श्रीहरीबाबूंनी जीभ टाळूला लावून पाहिली.

"खारट काऊन लागून राह्यला हा मध?"

"कारन तो मध नाई, साहेब," भाग्यश्री म्हणाली. "ते मी हाव. आज सकाळची. त्यात माह्या रक्ताच्या पेशी फुटून आल्या हायेत. तेच दाखवाले आनलं होतं, तुम्ही आयकूनच नाई घेतलं. तीन वर्षांत या ऑफिसात माही झालेली पयली तपासणी हाय ही. आता अहवाल द्या."

श्रीहरीबाबू बेसिनकडे धावले. शिपाई आला, बाटली पाहून त्यानेही हात पुढे केला आणि भाग्यश्रीने त्याला अडवलं. तिच्या रागाला माणूस पाहून कमीजास्त होता येत होतं. पाच चुळा, सात चुळा. श्रीहरीबाबू परत आले ते ओल्या मिशांनी. त्यांनी शिक्का न लागलेला कागद उचलला, मधोमध फाडला, मग चार, मग आठ.

"हे झालंच नाई," ते म्हणाले. "समजलं न? बाटली आली नाई, पत्र लिहिलं नाई. कायी झालं नाई."

"मंग पत्र?"

"लेखी अर्ज द्या."

"चारदा दिला."

"पाचव्यांदा द्या. विषय स्पष्ट लिहा. काय पाहिजे ते मुद्देसूद लिहा. काय पाहिजे ते तुम्हालेच समजत नाई, तिथंच घोळ होते."

भाग्यश्रीने त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला, त्यांचंच पेन घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिला. त्याला आवक क्रमांक मिळाला. तो असा:

प्रति,
मा. प्रमुख, रक्तविकार कक्ष.

विषय: रखवालदार प्रथिनांची रोवणी करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय अर्ज सादर करते की, अर्जदाराच्या प्रत्येक लाल पेशीवर रखवालदारांची पदे निसर्गतः मंजूर आहेत. रखवालदार तयारही होतात. परंतु चरबीच्या मुळाअभावी ते आजपावेतो एकाही पेशीवर रुजू होऊ शकलेले नाहीत. परिणामी अर्जदाराचे रक्त रोज रात्री अर्जदाराच्याच अंगाकडून फोडले जाते. याबाबतचा नमुना आपल्या कार्यालयाने दि. आजरोजी तपासलेला असून तो खारट असल्याचे कार्यालयाचे मत आहे.

तरी नम्र विनंती की, (१) अर्जदारास तिला नसलेल्या आजारातून कार्यमुक्त करण्यात यावे. (२) छापील फॉर्ममधील रकाना क्र. ४ मध्ये मृत्यू व स्थलांतर यांच्यामध्ये 'जिवंत आहे' हे कारण समाविष्ट करण्यात यावे. (३) अर्जदाराच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातील कोट्यवधी पेशींवर रखवालदारांची रोवणी खात्यामार्फत पुढील पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्यात यावी. या कामासाठी खात्याकडे पायाचा अंगठा उपलब्ध नसल्यास अर्जदाराचे वडील आपला उजवा अंगठा, तलावाचा हंगाम सोडून, विनामोबदला देण्यास तयार आहेत.

सोबत: बाटली एक. कार्यालयात जमा. पोच मिळावी.